मोकळा पैसा आणि तीनशे किलोमीटर

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी-रविवारी सहा हजारांहून जास्त माणसे सायकली घेऊन रस्त्यावर उतरतात. स्टरब्रिज गावातून भल्या पहाटे निघायचे, रात्री केप कॉडच्या तोंडाशी बोर्न इथल्या नाविक अकादमीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या चिंचोळ्या भूभागाच्या पार टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला पोचायचे, असा हा सुमारे १८६ मैलांचा, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटरचा मार्ग आहे. ही शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसते. या फेरीचे नाव पॅन-मास चॅलेंज. २०२४ साली तिने बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी साडेसात कोटी डॉलर उभे केले आणि १९८० पासूनची एकूण रक्कम १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हे आकडे ऐकले की कौतुकाबरोबर एक रास्त शंकाही मनात येते. कर्करोगाच्या पेशीवर प्रयोगशाळेत चालणारे काम आणि उन्हात पायडल मारणारी माणसे यांचा संबंध काय? पैसे द्यायचेच असतील तर ते घरबसल्या देता येतात, त्यासाठी कुणी तीनशे किलोमीटर घाम का गाळावा? या शंकेचे उत्तर या फेरीच्या घडणीत आणि वैद्यकीय संशोधनाच्या पैशाच्या व्यवहारात आहे. संशोधनाला नुसता पैसा पुरत नाही. त्याला आधीपासून अटींनी न बांधलेला आणि वर्षानुवर्षे न चुकता येणारा पैसा लागतो, आणि असा मोकळा पैसा गोळा करण्याचे जे थोडे मार्ग माणसांना सापडले आहेत, त्यांत ही लांब पल्ल्याची सायकलफेरी फार वरच्या जागी आहे, असे माझे मत आहे.

फेरीची सुरुवात अगदी लहान होती. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेली, तेव्हा ती ४९ वर्षांची होती. तिच्या आठवणीसाठी त्याने १९८० मध्ये ३६ जणांना घेऊन स्प्रिंगफील्ड ते प्रॉव्हिन्सटाउन अशी सायकलफेरी काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. माणशी हिशेब केला तर साधारण २८० डॉलर. २०२४ च्या आकड्यांचा हाच हिशेब ११ हजार डॉलरच्या आसपास जातो. या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. सायकलस्वारांची संख्या सुमारे १८० पट झाली, हे तर उघड दिसते. पण प्रत्येक स्वारामागे जमणारी रक्कमही चाळीस पट झाली. या काळात डॉलरची किंमत जवळजवळ एक चतुर्थांशावर आली, ती वजा केली तरी खरी वाढ दहा पटींच्या घरात उरते. म्हणजे फेरी मोठी झाली ती केवळ गर्दी वाढली म्हणून नव्हे. एकेका माणसाची देणगी जमवण्याची ताकद वाढत गेली. जो माणूस दहा-पंधरा वर्षे हीच फेरी करतो, त्याच्या देणगीदारांची यादी दरवर्षी थोडी लांबते, जुने देणगीदार उन्हाळा आला की त्याच्या पत्राची वाटच पाहतात, आणि पहिल्या वर्षी संकोचाने मागितलेले पैसे पुढे हक्काने मागता येतात. ही साठत जाणारी पुण्याई एका वर्षाच्या कार्यक्रमात कधीच मिळाली नसती.

या फेरीतला सायकलस्वार खरे तर जामीन राहतो. नाव नोंदवतानाच तो ठरावीक किमान रक्कम जमवून देण्याची जबाबदारी लेखी स्वीकारतो. मार्ग किती लांबीचा निवडला त्यावर ही रक्कम ठरते आणि पूर्ण दोन दिवसांच्या मार्गासाठी ती काही हजार डॉलरची असते. मुदतीत तेवढे पैसे जमले नाहीत तर उरलेली रक्कम त्याच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून वळती होते. ही अट कठोर वाटते, पण तिच्यामुळेच संस्थेला पुढच्या वर्षी काय येणार याचा भरवशाचा अंदाज बांधता येतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट खर्चाची. रस्ते, पाणी, जेवण, तंबू, वैद्यकीय पथके, सायकल दुरुस्ती असा सगळा डोलारा उभा करायला मोठा पैसा लागतो. तो नोंदणी शुल्कातून आणि प्रायोजकांकडून घेतला जातो, शिवाय तीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक विनामोबदला राबतात. त्यामुळे २००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेला शंभर टक्के पैसा डेना-फार्बरकडे जातो. निधी जमवणाऱ्या मोठमोठ्या मेजवान्यांत आणि दिमाखदार सोहळ्यांत जमलेल्या पैशाचा बराच भाग सोहळ्यावरच खर्च होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या शिस्तीचे मोल कळेल. देणाऱ्याने दिलेला डॉलर आख्खाच्या आख्खा पोचतो, ही खात्री हेच या फेरीचे खरे भांडवल आहे.

आता घामाचा प्रश्न. सोप्या रीतीने मागितले तर लोक जास्त देतील, असे आपल्याला वाटते. मानसशास्त्राचा पुरावा मात्र उलट आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे देताना त्यात कष्ट किंवा वेदना सोसायच्या असतील, तर माणसे सोप्या आणि सुखाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त रक्कम द्यायला तयार होतात. सहलीला जाऊन देणगी देणे आणि काही मैल धावून देणगी देणे यांत धावण्याचे पारडे जड ठरले. कारण समजण्यासारखे आहे. आपण ज्यासाठी सोसतो त्याला आपल्या लेखी अर्थ येतो, आणि ते काम दुःखाशी निगडित असेल तर तिथे मौजमजा विसंगत वाटते. दुसरा पुरावा अर्थशास्त्रातला आहे. लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांच्या देणगी-पानांचा अभ्यास सारा स्मिथ, फ्रँक विंडमायर आणि एडमंड राइट यांनी केला. आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली की पुढचा देणगीदार सुमारे अडीच पौंड जास्त देतो, असे त्यांना दिसले. माणूस एकटा बसून ठरवत नाही, शेजाऱ्याने किती दिले ते पाहून ठरवतो. लांबची सायकलफेरी या दोन्ही प्रवृत्तींना एकत्र आणते. सोसणारा माणूस ओळखीचा असतो, आणि त्याच्यामागे उभे राहणारेही एकमेकांच्या ओळखीचे असतात. अनोळखी संस्थेचे छापील पत्र केराच्या टोपलीत जाते. महिनोन्महिने पहाटे उठून सराव करणाऱ्या पुतण्याला, मैत्रिणीला किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून ‘थेट पैसे का देत नाही’ या आक्षेपात एक चूक दडलेली आहे. तो असे गृहीत धरतो की फेरी नसती तरी हे पैसे आलेच असते. बहुतेक पैसे आले नसते. स्वतःच्या खिशातून २०० डॉलर देऊ शकणारा माणूस फेरीमुळे ११ हजार डॉलर मिळवून देतो, हा फरक त्या तीनशे किलोमीटरनी घडवलेला आहे.

पण नुसती रक्कम पाहिली तर अमेरिकेच्या सरकारी खर्चापुढे ही फेरी किरकोळ ठरेल. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा वार्षिक अर्थसंकल्प ७ अब्ज डॉलरहून अधिक आहे. त्यापुढे साडेसात कोटी डॉलर म्हणजे शंभरातला एक भाग. मग इतका खटाटोप कशाला? इथे पैशाचा प्रकार पाहावा लागतो. सरकारी अनुदान मिळवायचे तर संशोधक सविस्तर प्रस्ताव लिहितो, तज्ज्ञांची समिती आलेल्या प्रस्तावांना क्रम लावते आणि त्यांतल्या वरच्या थोड्यांना पैसा मिळतो. २०२४ साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मुरलेल्या संशोधकांच्या मुख्य अनुदानासाठी ठरवलेली रेषा दहाव्या शततमकावर होती, म्हणजे ढोबळमानाने दहांतला एक प्रस्ताव तिच्या आत बसे. इतकी चुरस असली की समिती साहजिकच सावध होते. ज्याच्याजवळ कल्पना खरी ठरण्याचे प्राथमिक पुरावे आहेत, त्यालाच ती निवडते. आता हे प्राथमिक पुरावे कुठून आणायचे? त्यासाठी प्रयोग करावे लागतात, आणि प्रयोगांना पैसा लागतो. नवी, धाडसी, अजून कुणी न तपासलेली कल्पना या कोंडीत अडकते. औषध कंपन्यांचा पैसा याहून मोठा आहे, पण त्याला परतावा हवा असतो. पेटंट मिळण्याजोगे औषध डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर तो येतो, त्याआधी क्वचितच. या दोन्हींच्या मधली जी पहिली दोन-तीन वर्षे असतात, जिथे कल्पना आहे पण पुरावा नाही, तिथे मोकळा पैसा लागतो. पॅन-मास चॅलेंजचा पैसा डेना-फार्बरला असाच, बिनशर्त मिळतो. कोणत्या प्रयोगशाळेला, कोणत्या तरुण संशोधकाला, कोणत्या यंत्राला तो द्यायचा हे संस्था ठरवते.

अशा पैशाने काय होऊ शकते हे समजायला त्या संस्थेच्या जन्मकथेइतके चांगले उदाहरण नाही, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईतून निघतो. १९२८ ते १९३३ या काळात ल्यूसी विल्स ही इंग्रज रक्तविकारतज्ज्ञ परळच्या हाफकिन संस्थेत काम करत होती. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे. तो आहारातल्या कशाच्या तरी उणिवेने होतो, आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिले. यीस्टमधला हा अज्ञात घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक अॅसिड. ते शरीराला नव्या रक्तपेशी घडवायला लागते. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या गटाने १९४०च्या दशकात फोलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले, आणि मग त्याच्यासारखी दिसणारी पण त्याच्या कामात खोडा घालणारी रसायनेही बनवली. बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ ल्युकेमियाच्या मुलांचा अभ्यास करत होते. फोलिक अॅसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर या मुलांचा रोग शमण्याऐवजी भडकतो असे त्यांना वाटले. त्यावरून त्यांनी उलटा विचार केला. ज्याने रोग भडकतो ते अडवले तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलेले अॅमिनोप्टेरिन त्यांनी मुलांना दिले, आणि जून १९४८ मध्ये १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतल्या १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला होता.

काही काळच. ती मुले वाचली नाहीत, आणि तेव्हाच्या अनेक डॉक्टरांना हा मरणाऱ्या मुलांचा नाहक छळ वाटला. आज मागे वळून पाहताना आपल्याला ती केमोथेरपीच्या युगाची पहाट दिसते. त्या वेळी मात्र फार्बर यांच्यापाशी एक वादग्रस्त कल्पना, तात्पुरते यश आणि अपुरी जागा एवढेच होते. आजच्या चुरशीच्या समितीपुढे हा प्रस्ताव गेला असता तर तो रेषेच्या आत बसला असता का, याची मला मोठी शंका आहे. त्यांना पैसा मिळाला तो सामान्य लोकांकडून. २२ मे १९४८ च्या रात्री एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात कर्करोगाने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा आवाज ऐकवला गेला. खरे नाव झाकण्यासाठी त्याला जिमी म्हटले होते. त्याच्या आवडत्या बॉस्टन ब्रेव्हज बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले होते, आणि संघाचे सामने पाहायला त्याला टीव्ही हवा होता. लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठवले. त्यातून जिमी फंड उभा राहिला आणि त्या निधीच्या बळावर आजची डेना-फार्बर संस्था. जिमी, म्हणजे आयनार गुस्ताफसन, रोगातून बरा झाला आणि २००१ पर्यंत जगला. पॅन-मास चॅलेंज आज याच जिमी फंडाचा सर्वांत मोठा आधार आहे, त्याच्या वार्षिक उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या या फेरीतून येतो. अॅमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरला जातो, आणि लहान मुलांच्या ज्या तीव्र ल्युकेमियात १९४८ पूर्वी मूल काही महिन्यांत दगावत असे, त्यात आता प्रगत देशांत दहांतली सुमारे नऊ मुले वाचतात.

मोकळेपणाइतकेच महत्त्व नियमितपणाला आहे, आणि याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. प्रयोगशाळा म्हणजे यंत्रे आणि काचेची भांडी असे आपल्या डोळ्यांपुढे येते, पण तिचा सगळ्यात मोठा खर्च माणसांच्या पगाराचा असतो. एका विद्यार्थ्याच्या पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. उंदरांच्या विशिष्ट जाती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळाव्या लागतात. रुग्णांचा पाठपुरावा दहा वर्षे चालतो. पैसा मध्येच आटला तर हे सारे विस्कटते आणि शिकलेली माणसे दुसरीकडे जातात. २०१४ च्या उन्हाळ्यात अंगावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट आली होती, ती अनेकांना आठवत असेल. एएलएस या मज्जारोगासाठी अमेरिकेतल्या संघटनेकडे त्या काही आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर आले. त्या पैशाने खरे काम झाले. २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा या रोगाशी असलेला संबंध ज्या प्रकल्पातून समोर आला, त्याला यातूनच मदत मिळाली होती. पण पुढच्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडला तेव्हा आधीच्या ओघाचा अगदी छोटा अंश आला. एकदा केलेली गंमत दुसऱ्यांदा शिळी होते. सायकलफेरीचे तसे होत नाही, कारण तिच्यात नावीन्याचे आकर्षण मुळातच कमी आहे. तेच गाव, तोच रस्ता, तीच चढण दरवर्षी असते. येणारा माणूस बदल पाहायला येत नाही. त्याच्या वडिलांचा, बहिणीचा किंवा स्वतःचा रोग त्याला तिथे आणतो. फेरीत दरवर्षी असे शेकडो सायकलस्वार असतात ज्यांना स्वतःला कर्करोग होऊन गेला आहे, आणि उपचार घेणाऱ्या मुलांची जोडी सायकलस्वारांच्या गटांशी लावून दिलेली असते. हे नाते दरवर्षी नव्याने शोधावे लागत नाही.

याच बर्फाच्या पाण्याच्या कथेत एक कडू भाग आहे, तो सांगायलाच हवा. त्या निधीतले २२ लाख डॉलर एका नव्या औषधाच्या विकासाला दिले गेले होते. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, मोठा आनंद झाला, आणि २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत ते निरुपयोगी ठरल्यावर कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. मग देणगीदारांचे पैसे वाया गेले का? ज्यांना संशोधन म्हणजे औषधाची आगाऊ नोंदणी वाटते, ते हो म्हणतील. मला तसे वाटत नाही. एखादा उपाय चालत नाही हे नीट सिद्ध होणे हीही रुग्णाच्या हिताची गोष्ट आहे, कारण त्यामुळे हजारो माणसे निरुपयोगी औषधाच्या आशेवर पैसा आणि उरलेले दिवस घालवत नाहीत. मात्र निधी गोळा करणाऱ्यांनी याबाबत प्रामाणिक राहिले पाहिजे. ‘या वर्षी इतके मैल गेलो की रोग संपेल’ अशी भाषा फलकांवर दिसते, ती चुकीची आहे. कर्करोग हा एक रोग नाही, शेकडो रोगांचे ते कुटुंब आहे. त्यावरचे काम तुकड्यातुकड्याने पुढे सरकते. याच डेना-फार्बरमधले विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले ते पेशीला प्राणवायूची कमतरता कशी कळते या प्रश्नाच्या उत्तरासाठी. प्रश्न वरवर कर्करोगाचा नव्हता. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावरून सुरू झालेले ते काम अनेक वर्षे कोणत्याही औषधापर्यंत पोचले नव्हते. त्या आकलनावर आधारलेल्या बेल्झुटिफान या औषधाला मान्यता मिळाली २०२१ मध्ये. देणाऱ्याने एवढी वाट पाहण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि मागणाऱ्याने ती वाट लपवू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. लोकांच्या आजारपणावरचे संशोधन ही सरकारची जबाबदारी नव्हे काय? ती लोकांच्या घामावर सोडणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे, आणि लोकांच्या आवडीनिवडीवर रोगांचे भवितव्य टांगणे. जो रोग चारचौघांत बोलता येतो, ज्याचा रुग्ण श्रीमंत वस्तीत राहतो, त्याला पैसा मिळेल आणि क्षयासारखा गरिबांचा रोग मागे पडेल. या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. आपल्या देशात सर्व प्रकारच्या संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, आणि कितीही सायकली धावल्या तरी तो खड्डा भरणार नाही. रोगांचा भार पाहून पैसा वाटणे हे काम सरकारच करू शकते आणि त्याने ते केलेच पाहिजे. पण सरकारने कितीही दिले तरी सार्वजनिक पैशाला हिशेब द्यावा लागतो, म्हणून त्याला समिती लागते, आणि समितीचे सावधपण त्याला चिकटतेच. मोकळ्या पैशाची गरज त्यामुळे संपत नाही. दोन्ही पैसे एकमेकांना पूरक आहेत. मोकळ्या पैशावर मिळवलेल्या प्राथमिक पुराव्यांच्या जोरावर संशोधक पुढे कितीतरी पट मोठे सरकारी अनुदान मिळवू शकतो. शिवाय स्वतः पैसे जमवलेला नागरिक सरकारलाही प्रश्न विचारायला शिकतो.

नायकपूजेचा आक्षेपही ऐकू येतो आणि सायकलच्या बाबतीत तो विशेष बोचतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून उठून जगज्जेता झाला, त्याच्या संस्थेचे पिवळे मनगटी पट्टे कोट्यवधी लोकांनी घातले, आणि २०१२ मध्ये त्याची उत्तेजक द्रव्यांची लबाडी उघड झाल्यावर त्या संस्थेच्या देणग्या कोसळल्या. एका माणसाच्या कीर्तीवर निधी उभा केला तर तो त्या माणसाबरोबर पडतो, हा धडा खरा आहे. पण याच्या शेजारी टेरी फॉक्स ठेवून पाहावा. हाडाच्या कर्करोगाने उजवा पाय गमावलेला हा कॅनेडियन तरुण १९८० मध्येच, पॅन-मास चॅलेंज सुरू झाली त्याच वर्षी, कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि जून १९८१ मध्ये तो गेला. त्याच वर्षी त्याच्या नावाने धाव सुरू झाली, ती अनेक देशांत आजही चालते. फरक एवढाच की टेरीने धाव सामान्य माणसांच्या हाती दिली. जिथे हजारो जण प्रत्येकी थोडा भार उचलतात, तिथे एखादा खांब मोडला तरी छप्पर राहते.

आपल्याकडे हे परके आहे, असेही कुणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या नावाने सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये उभारलेला लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट जगभरातल्या ल्युकेमिया संशोधकांना आजही मदत देतो. फार्बर यांच्या प्रयोगाच्या पंधरा वर्षे आधी मुंबईतून या रोगाच्या संशोधनाला मोकळा पैसा जात होता. आणि अशा पैशाची निकड आज आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त आहे, कारण आपले प्रश्न वेगळे आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोके आणि मानेच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगावर एक चाचणी प्रसिद्ध केली. निव्होलुमॅब हे अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. त्या स्वस्त गोळ्यांत एक मेथोट्रेक्सेटची होती. त्याच रुग्णालयाच्या पुढाकाराने ११ केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन हे साधे भूल देण्याचे औषध टोचले, तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. हा उपाय शंभर-दीडशे रुपयांत होतो. आपले औषध दहाव्या हिश्श्यात भागते हे सिद्ध करायला कोणती कंपनी पैसे देईल? पेटंट केव्हाच संपलेल्या लिडोकेनसाठी कोण देईल? लिडोकेनच्या चाचणीचा भार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाने उचलला म्हणून ती झाली. असे कितीतरी स्वस्त आणि गरिबांच्या उपयोगाचे प्रश्न तपासण्याची वाट पाहत पडले आहेत, आणि त्यांच्या मागे बाजार कधीच उभा राहणार नाही.

सायकलस्वारांची आपल्याकडे वाण नाही. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून बीआरएमच्या, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापण्याच्या, फेऱ्या नियमाने होतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करणारे स्त्री-पुरुष गावोगाव आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. अंतर कापण्याची ताकद आहे, पण त्या अंतराला पैशाची आणि उत्तरदायित्वाची जोड क्वचितच मिळते. जनजागृतीसाठी म्हणून निघणाऱ्या फेऱ्यांत टी-शर्ट वाटले जातात, झेंडा दाखवला जातो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही. कर्करोग असतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे यापुढे फेरी काढणाऱ्या मंडळांनी जागृतीच्या जोडीला चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. स्वाराने किमान रकमेचा जामीन राहावे, मग ती दोन हजार रुपये का असेना. फेरीचा खर्च शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवावा आणि देणगीतला रुपयाही त्याला लावू नये. जमलेला पैसा एकाच विश्वासू संशोधन संस्थेला, कोणत्या प्रयोगाला द्यायचा ते तिच्यावर सोपवून, निदान दहा वर्षे द्यावा. आणि दरवर्षी पै-पैचा हिशेब, फसलेल्या प्रयोगांसकट, देणगीदारांपुढे ठेवावा. पुढच्या वेळी ओळखीतला कुणी सायकलस्वार अशी फेरी करतो म्हणून तुमच्याकडे आला, तर त्याला आधी हे चार प्रश्न विचारा, आणि उत्तरे नीट मिळाली तर सढळ हाताने द्या.